पिंगला उत्तर येतं, पण लॉगिन होत नाही: दूरच्या सर्व्हरचं लॉगिन स्क्रिप्टने कसं तपासावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमच्याकडे ४० च्या आसपास दूरचे लिनक्स सर्व्हर आहेत. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, दर ५ मिनिटांनी एक शेल स्क्रिप्ट प्रत्येकाला पिंग करते, म्हणजे ‘आहेस का’ असं नेटवर्कवरून विचारते, आणि उत्तर आलं नाही तर मेल पाठवते. मागच्या आठवड्यात एका सर्व्हरवर रात्रभर कुणालाच लॉगिन करता येत नव्हतं, पण पिंगला उत्तर येत होतं, म्हणून स्क्रिप्ट गप्प राहिली. मग तुम्ही पिंगच्या जागी एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणारी कमांड, टाकून पाहिलं, तर लूप पहिल्याच सर्व्हरनंतर संपतो. शिवाय पासवर्ड स्क्रिप्टमध्ये कसा द्यायचा, असंही विचारलंय.

लूप आणि पासवर्ड या दोन्हींची उत्तरं सोपी आहेत, ती पुढे येतीलच. त्याआधी हे ठरवायला हवं की तुम्हाला नक्की कशाची खात्री हवी आहे. मशीन चालू आहे याची, की माणूस त्यात शिरून काम करू शकतो याची? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवरून दुसरीबद्दल काहीच सांगता येत नाही. माझं मत असं की लॉगिनची खात्री हवी असेल तर स्क्रिप्टने खरोखर लॉगिन करावं, आत एखादं छोटं काम करावं आणि त्याचं उत्तर घेऊन बाहेर यावं. त्याहून कमी काही तपासलं तर तो नुसता अंदाज झाला.

इतकं ठाम का म्हणतो, ते कळायला लॉगिन होताना काय काय घडतं ते पाहू. नावावरून आयपी पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर, बहुतेक ठिकाणी २२ क्रमांकाच्या पोर्टवर, टीसीपी जोडणी होते. सर्व्हर स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. तिला आपण बॅनर म्हणतो, आणि ती ‘एसएसएच-२.०’ ने सुरू होते. मग दोन्ही बाजू एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ठरवतात, सर्व्हरची होस्ट की, म्हणजे त्याची ओळख पटवणारी किल्ली, आपल्याकडच्या नोंदीशी जुळते का ते पाहिलं जातं, वापरकर्त्याची ओळख पटवली जाते, पॅम (लॉगिनचे नियम लावणारा लिनक्सचा भाग) खात्याची मुदत वगैरे तपासतं, होम डिरेक्टरी उघडते, शेल, म्हणजे कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम, सुरू होतो, आणि मग कुठे तुमची कमांड चालते. पिंग यातली फार तर पहिली पायरी तपासतो. पोर्ट उघडं आहे का एवढंच बघणारी स्क्रिप्ट दुसऱ्या पायरीवर थांबते.

आता तुमच्या त्या रात्रीसारखा प्रकार जवळून बघू, कारण मी तो वेगवेगळ्या ठिकाणी पाहिला आहे. एखादा प्रोग्राम मेमरी खात सुटतो, सर्व्हर स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी म्हणून वापरल्या जाणाऱ्या संथ डिस्कमध्ये, बुडतो. पिंग केलात तर उत्तर नेहमीच्याच वेगाने येतं, कारण ते कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, स्वतः देतं, त्याला कुठल्याही प्रोग्रामची गरज नसते. पोर्ट तपासलंत तर तेही उघडं! टीसीपीची जोडणीसुद्धा कर्नलच पूर्ण करतं आणि एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर लॉगिन घेणारा प्रोग्राम, ती उचलून घेईपर्यंत रांगेत ठेवतं. एसएसएचडी मात्र अडकलेला असतो. त्याला प्रत्येक नव्या जोडणीसाठी नवी प्रोसेस काढावी लागते आणि त्यासाठी मेमरीच मिळत नाही. त्यामुळे बॅनरची ओळ येतच नाही. लॉगिन करणाऱ्या माणसाला दिसतो तो फक्त लुकलुकणारा कर्सर. सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या नागिऑस या सॉफ्टवेअरचं ‘चेक एसएसएच’ हे प्लगइन निदान बॅनरपर्यंत जातं, म्हणून हा प्रकार त्याला पकडता येतो. पण त्याच्या पुढच्या पायरीवर काही बिघडलं, तर तेही सगळं ठीक असल्याचंच सांगतं. होम डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर, असेल आणि एनएफएसचा सर्व्हर गेला, तर बॅनर येतो, आणि पुढे ओळख पटवताना किंवा शेल सुरू होताना लॉगिन होम डिरेक्टरीची वाट बघत लटकून राहतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. पहिली म्हणजे कुणाचं लॉगिन तपासायचं? तुमचे वापरकर्ते एलडॅपमधून, म्हणजे सर्वांची खाती ठेवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेतून, येत असतील आणि तपासणीचं खातं सर्व्हरवरच तयार केलेलं असेल, तर एलडॅप बंद पडल्यावर तपासणी आरामात पास होईल आणि माणसं मात्र बाहेर राहतील. अशा ठिकाणी मी दोन खाती ठेवतो, एक स्थानिक आणि एक एलडॅपमधलं. दोन्ही अडली तर सर्व्हर बिघडला, फक्त दुसरं अडलं तर ओळख पटवणारी यंत्रणा बिघडली. हा फरक निरोपातच दिसला की योग्य माणसाला उठवता येतं. दुसरी गोष्ट, मध्ये जंप होस्ट, म्हणजे ज्यातून पुढच्या सर्व्हरकडे जावं लागतं असं मशीन, आहे का? असेल तर तो एक पडला की मागचे सगळे पडल्यासारखे दिसतात. तेव्हा त्याची तपासणी आधी करायची, आणि तो मिळत नसेल तर मागच्यांचे अलर्ट त्या फेरीपुरते रोखायचे. तिसरी गोष्ट म्हणजे किती लवकर कळायला हवं. दोन मिनिटांत कळणं आणि पंधरा मिनिटांत कळणं यांसाठी स्क्रिप्टची रचना वेगळी होते.

आता कमांड. इथे एसएसएच माणसासाठी नाही, यंत्रासाठी चालवायचा आहे, म्हणून त्याने कुठेही काही विचारत थांबता कामा नये. बॅचमोड ‘येस’ केलात की पासवर्ड किंवा पासफ्रेज (की उघडणारा शब्दसमूह) मागण्याऐवजी तो सरळ अपयश सांगून बाहेर पडतो. कनेक्टटाइमआउट १० सेकंद ठेवा. हा पर्याय दिला नाही आणि समोरून पॅकेट गिळणारी फायरवॉल असेल, तर लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये टीसीपी जोडणीचे प्रयत्न दोन मिनिटांहून जास्त वेळ चालू राहतात. असे तीन सर्व्हर ओळीने आले की तुमची ५ मिनिटांची फेरी तिथेच संपली.

कनेक्टटाइमआउट पुरेसा नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ओपनएसएसएचच्या नव्या आवृत्त्यांत तो जोडणीला आणि किल्ल्या ठरेपर्यंतच्या बोलणीला लागू होतो. त्याच्या पुढे, म्हणजे ओळख पटवताना किंवा शेल सुरू होताना अडकलं, तर त्याचा काही उपयोग नाही. वर सांगितलेला एनएफएसचा प्रकार नेमका तिथला. म्हणून अख्खी एसएसएचची कमांड ‘टाइमआउट’ या कमांडच्या आत चालवा. २५ सेकंदांची मर्यादा, आणि तरीही प्रोसेस गेली नाही तर आणखी ५ सेकंदांनी किल सिग्नल. वेळ संपली तर ही कमांड १२४ हा एक्झिट कोड, म्हणजे कमांड कशी संपली ते सांगणारा आकडा, देते (किल सिग्नल द्यावा लागला तर १३७), त्यामुळे ‘नकार मिळाला’ आणि ‘उत्तरच आलं नाही’ हे वेगळं ओळखता येतं. तपासणारी स्क्रिप्ट स्वतः कधीही अडकणार नाही, याला माझ्या लेखी अचूकतेपेक्षाही वरचं स्थान आहे. अडकलेली स्क्रिप्ट एका सर्व्हरसाठी उरलेल्या ३९ सर्व्हरकडे पाठ फिरवते.

तुमचा लूप पहिल्या सर्व्हरनंतर का संपतो? तुम्ही सर्व्हरची यादी फाइलमधून ‘व्हाइल रीड’ने ओळीओळीने वाचताय. लूपच्या आतला एसएसएच तीच फाइल स्वतःचं इनपुट समजतो आणि उरलेली सगळी यादी वाचून पलीकडच्या सर्व्हरला पाठवून देतो. लूपला पुढे वाचायला काही उरत नाही. एसएसएचला ‘-एन’ (इंग्रजीतला लहान एन) हा पर्याय द्या किंवा त्याचं इनपुट ‘डेव्ह नल’ या कायम रिकाम्या फाइलकडे वळवा, की झालं.

पासवर्डचं उत्तर: देऊ नका. स्क्रिप्टमधला पासवर्ड बॅकअपमध्ये जातो, गिटमध्ये जातो, कमांडच्या ओळीत दिला तर प्रोसेसच्या यादीतही दिसतो. त्याऐवजी तपासणीसाठी वेगळं खातं आणि वेगळी ईडी२५५१९ प्रकारची की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल, बनवा. या कीला पासफ्रेज ठेवता येणार नाही, कारण क्रॉनमध्ये ती टाइप करायला कुणी नसतं. मग ती चोरीला गेली तरी नुकसान होऊ नये, याची तजवीज सर्व्हरच्या बाजूला करायची. आत यायची परवानगी असलेल्या कीज सर्व्हरवर ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये असतात, तिथे त्या कीच्या आधी तीन गोष्टी लिहा. ‘रिस्ट्रिक्ट’ लिहिलं की पोर्ट फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग, टर्मिनल हे सगळं बंद होतं. हा शब्द ओपनएसएसएच ७.२ पासून चालतो. ‘फ्रॉम’मध्ये तपासणाऱ्या मशीनचा आयपी पत्ता. आणि ‘कमांड’मध्ये एकच ठरलेली कमांड. मग त्या कीने कुणीही काहीही मागितलं तरी सर्व्हरवर तेवढीच कमांड चालते. एक लक्षात ठेवा, ही ठरलेली कमांडसुद्धा त्या खात्याच्या लॉगिन शेलमार्फतच चालते. सुरक्षेच्या नादात शेल ‘नोलॉगिन’ केलंत तर तपासणी कधीच पास होणार नाही.

ती ठरलेली कमांड काय असावी? मी दोन ओळींची छोटी स्क्रिप्ट ठेवतो. होम डिरेक्टरीतल्या एका फाइलवर आत्ताची वेळ लिहायची, आणि ते जमलं तरच एक ठरलेला शब्द छापायचा. डिस्कमध्ये बिघाड झाल्यावर फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती माउंट होते, तेव्हा बहुतेक वेळा लॉगिन होतं पण काम होत नाही. लिहून पाहिलं की ते कळतं. डिस्क पूर्ण भरली असेल तर तेही. आणि ठरलेला शब्द हवा, कारण नुसत्या एक्झिट कोडवर विसंबणं बरोबर नाही. एसएसएच स्वतः अडखळला तर २५५ देतो, नाहीतर पलीकडच्या कमांडचा कोड जसाच्या तसा देतो. पलीकडची कमांडही २५५ देऊ शकते, आणि कुणी ती कमांड बदलून भलतंच काही ठेवलं तर यश दाखवणारा शून्यही येऊ शकतो. कोड शून्य असेल आणि आउटपुटमध्ये तो शब्द स्वतंत्र ओळीवर असेल, तरच पास समजायचं. ‘स्वतंत्र ओळीवर’ म्हणतो, कारण काही जणांच्या बॅश सेटिंगमधून आणखी मजकूर छापला जातो आणि त्याने तपासणी नापास होऊ नये.

या पद्धतीत एक गोष्ट तपासली जात नाही, ती म्हणजे टर्मिनल मिळणं. क्वचित असं होतं की कमांड चालते, पण माणसाने लॉगिन केलं की टर्मिनल मिळत नाही. हा प्रकार इतका विरळा आहे की त्यासाठी की सैल करावी असं मला वाटत नाही.

आणखी तीन पर्याय कॉन्फिगमध्ये हवेतच. ‘आयडेंटिटीज ओन्ली’ चालू ठेवा आणि की फाइलचं नाव स्पष्ट द्या. नाहीतर एजंटमध्ये, म्हणजे किल्ल्या मेमरीत सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, असतील नसतील त्या सगळ्या किल्ल्या एसएसएच पुढे करत बसतो, आणि सर्व्हरची प्रयत्नांची मर्यादा, जी मूळ सेटिंगमध्ये ६ असते, खरी की पुढे येण्याआधीच संपते. दुसरा पर्याय म्हणजे जोडणी वाटून घेणं बंद करणं, म्हणजे ‘कंट्रोलपाथ’ला ‘नन’. याकडे दुर्लक्ष झालं तर अख्खी तपासणी फोल ठरते. तुमच्या कॉन्फिगमध्ये कंट्रोलमास्टर चालू असेल, तर स्क्रिप्ट नव्याने लॉगिन करतच नाही, आधीच उघड्या असलेल्या जोडणीतून आत जाते. सर्व्हरवर नवं लॉगिन कुणालाही जमत नसताना तुमची तपासणी मात्र पास होत राहते. तिसरा म्हणजे होस्ट कीची काटेकोर तपासणी. ती ‘नो’ करायचा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिला जातो, तो मानू नका. होस्ट की बदलली याचा अर्थ कुणीतरी सर्व्हर नव्याने उभा केला, किंवा त्या पत्त्यावर दुसरंच मशीन उत्तर देतंय. दोन्ही गोष्टी तुम्हाला कळायलाच हव्यात. तपासणीसाठी ‘नोन होस्ट्स’ची वेगळी फाइल ठेवा, ती पहिल्यांदा नीट पडताळून भरा आणि पुढे बदल झाला की त्याचा स्वतंत्र अलर्ट काढा.

हे सगळं कमांडच्या ओळीत कोंबण्यापेक्षा वेगळ्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा. वाचायला बरं पडतंच, शिवाय जंप होस्ट असेल तर ते गरजेचंच आहे. कमांडच्या ओळीत दिलेले पर्याय शेवटच्या सर्व्हरला लागू होतात, मधल्या होस्टला नाही. मग मधला होस्ट पासवर्ड विचारत बसतो आणि आपण कारण शोधत राहतो.

हाताने चालवली की चालते पण क्रॉनमध्ये नाही, ही तक्रार लवकरच तुमचीही असेल, म्हणून आत्ताच सांगतो. क्रॉनमध्ये तुमचं नेहमीचं वातावरण नसतं. पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या जागांची यादी) तोकडा असतो, एजंटचा सॉकेट माहीत नसतो, त्यामुळे एजंटच्या जोरावर हाताने चालणारी की तिथे चालत नाही. स्क्रिप्टमध्ये सगळ्या फाइलींचे पूर्ण पाथ द्या आणि भाषेची सेटिंग ‘सी’ करून टाका, म्हणजे सिस्टमचे एररचे संदेश कायम एकाच शब्दांत येतील आणि ते ओळखणं सोपं जाईल. आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून ‘एफलॉक’ वापरा.

फेरी किती लांबते त्याचा हिशेब सोपा आहे. नेटवर्कचा मोठा घोळ झाला आणि ४० सर्व्हर एकामागोमाग प्रत्येकी २५ सेकंद अडले, तर १००० सेकंद गेले, म्हणजे १६ मिनिटांहून जास्त. नेमक्या ज्या वेळी माहिती लवकर हवी त्या वेळी स्क्रिप्ट सर्वांत संथ. ‘एक्सआर्ग्ज’चा ‘-पी’ (इंग्रजीतला मोठा पी) पर्याय देऊन एका वेळी १० तपासण्या चालवल्यात की तेच काम दोन मिनिटांच्या आत येतं. सगळ्या ४० एकदम सोडायची गरज नाही. सर्वांच्या मध्ये एकच जंप होस्ट असेल तर ते घातकही ठरेल.

त्याचं कारण एसएसएचडीच्या ‘मॅक्सस्टार्टअप्स’ या सेटिंगमध्ये आहे. मूळ किंमत १०:३०:१००. म्हणजे अजून ओळख न पटलेल्या जोडण्या १० झाल्या की सर्व्हर नव्या जोडण्यांपैकी ३० टक्के सोडून द्यायला लागतो, हे प्रमाण वाढत जातं आणि १०० जोडण्यांना सगळ्याच नाकारल्या जातात. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर पासवर्डचे अंदाज लावणारे बॉट सतत धडका देत असतात. तेव्हा तुमची एखादी जोडणी अधूनमधून तुटणं स्वाभाविक आहे. एका अपयशावर कुणाला रात्री उठवू नये ते याचसाठी. माझी पद्धत अशी: तपासणी नापास झाली की त्याच फेरीत २० सेकंद थांबून पुन्हा, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा नापास झाली तरच अलर्ट. पुढच्या फेऱ्यांची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं, कारण खरा बिघाड पहिल्या नापास तपासणीपासून दोन-अडीच मिनिटांत कळतो. अडलेल्या सर्व्हरवर हे प्रयत्न फेरी लांबवतात, म्हणून १० चा आकडा तुमच्या फेरीच्या वेळेत बसतो का ते पडताळून घ्या. पहिल्यांदा नापास आणि मग पास झालेल्या तपासण्याही लॉगमध्ये लिहा. एखाद्या सर्व्हरवर त्या वाढायला लागल्या तर तिथे माणसांचीही लॉगिनं अधूनमधून तुटत असणार, फक्त ती पुन्हा प्रयत्न करतात आणि कुणाला सांगत नाहीत.

वारंवार अपयशी ठरणाऱ्या पत्त्यांवर बंदी घालणाऱ्या फेल२बॅनकडेही लक्ष द्या. तपासणीची की एखाद्या सर्व्हरवर टाकायची राहिली, तर दर फेरीला अपयशी प्रयत्नांची नोंद होऊन तुमचं तपासणारं मशीनच बंदी घातलेल्यांच्या यादीत जाऊ शकतं. शिवाय जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ पासून एसएसएचडीमध्येच ‘पर सोर्स पेनल्टीज’ नावाची सोय आहे आणि ती मुळातच चालू असते. जोडणी करून ओळख न पटवता निघून जाणाऱ्या किंवा वारंवार अपयशी ठरणाऱ्या पत्त्यांना सर्व्हर काही काळ दारातच नाकारतो. नुसतं पोर्ट ठोठावणाऱ्या किंवा बॅनर वाचून पळणाऱ्या स्क्रिप्टांना याचा फटका बसू शकतो. तपासणाऱ्या मशीनचा पत्ता दोन्हीकडच्या सवलतीच्या यादीत टाकून ठेवा.

आता निदान. वर म्हटलं की रोजची तपासणी म्हणजे पूर्ण लॉगिन. मग पायऱ्या कशाला सांगितल्या? कारण तपासणी तिन्ही वेळा नापास झाली की, आणि तेव्हाच, स्क्रिप्टने त्या पायऱ्या खालून वर चढून बघायच्या. नाव सुटतंय का ते ‘गेटएंट’ने, पोर्ट उघडतंय का आणि बॅनर येतोय का ते ‘एनसी’ने, प्रत्येकाला ५ सेकंदांची मर्यादा लावून. पिंगही इथे घ्या, त्याची जागा हीच. मग मेलमध्ये एक ओळ जाते: ‘नाव मिळालं, पिंग ठीक, पोर्ट उघडं, बॅनर नाही, २ वाजून १० मिनिटांपासून’. ही ओळ वाचून झोपेतून उठलेल्या माणसालाही कळतं की नेटवर्कवाल्यांना फोन करण्यात अर्थ नाही, कन्सोलवरून शिरून मेमरी बघायची आहे.

एसएसएचने एररमध्ये लिहिलेली शेवटची ओळही मेलमध्ये जशीच्या तशी द्या, कारण त्या ओळी बरंच सांगून जातात. ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ म्हणजे बहुधा मशीन जिवंत आहे पण पोर्टवर कुणी ऐकत नाही, एसएसएचडी बंद पडलाय. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पॅकेट वाटेत गिळली जाताहेत किंवा मशीनच नाही. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर मशीन, नेटवर्क, एसएसएचडी सगळं ठीक आहे, बघायचं आहे ते खातं, की आणि ‘ऑथराइज्ड कीज’च्या परवानग्या. इथे तपासणीच्या खात्याची मुदतही बघा. संस्थेच्या धोरणाप्रमाणे सगळ्या खात्यांचे पासवर्ड ठरावीक दिवसांनी कालबाह्य होत असतील, तर कीने येणारं हे खातंही एक दिवस अडतं, आणि सर्व खाती एकाच दिवशी बनवली असतील तर सगळ्या सर्व्हरवर एकदम अडतं. आणखी एक सांगायचं तर सर्व्हर नुकताच रीबूट झाला असेल आणि सिस्टम पूर्ण सुरू व्हायची असेल, तर सिस्टमडी, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, तेवढा वेळ साध्या वापरकर्त्यांना आत घेत नाही. पुन्हा प्रयत्न करण्याच्या पद्धतीमुळे बहुतेक वेळा हे आपोआप निभावतं.

अलर्ट फक्त स्थिती बदलली की पाठवा. प्रत्येक सर्व्हरसाठी एक छोटी फाइल ठेवायची: आत्ताची स्थिती, केव्हापासून, शेवटचं यशस्वी लॉगिन केव्हा. ठीकवरून बिघडलं की एक मेल, बिघडल्यावरून ठीक झालं की दुसरा, आणि मध्ये फार तर दर तासाला एक आठवण. दर ५ मिनिटांनी तोच मेल येत राहिला तर लोक फिल्टर लावतात, आणि फिल्टर लागला की तुमची तपासणी संपली. निम्म्याहून जास्त सर्व्हर एकाच फेरीत नापास झाले तर वेगवेगळे मेल न पाठवता एकच पाठवा, की तपासणाऱ्या मशीनचं स्वतःचं नेटवर्क आधी बघा.

यशस्वी लॉगिनला किती वेळ लागला तोही लिहून ठेवा. सुरुवातीला तो निरुपयोगी वाटतो, पण मला सर्वांत जास्त उपयोग त्या आकड्यांचा झाला आहे. अर्ध्या सेकंदात होणारं लॉगिन ५-६ सेकंदांवर गेलं, तर बहुधा उलट्या डीएनएस शोधाला (पत्त्यावरून नाव शोधण्याला) उत्तर मिळत नसतं, एलडॅपचा पहिला सर्व्हर गेलेला असतो आणि दुसऱ्यावरून काम चाललेलं असतं, किंवा डिस्क थकलेली असते. पूर्ण बंद पडण्याच्या आधी हे दिसतं आणि दिवसाउजेडी दुरुस्त करता येतं.

एसएसएचडी आपोआप रीस्टार्ट करण्याची सोय स्क्रिप्टमध्ये घालू नका. ज्या सर्व्हरवर लॉगिन होत नाही, त्यावर रीस्टार्टची कमांड दुसऱ्या वाटेने पाठवायची म्हणजे दुसरी उघडी वाट आली, तिच्या किल्ल्या आल्या. आणि मेमरी संपली असताना चालू एसएसएचडी बंद केलात तर नवा सुरू होईलच याची खात्री नाही.

तपासणारं मशीन किंवा क्रॉन बंद पडलं तर? तेव्हा शांतता असेल, आणि ती सगळं ठीक असल्यासारखीच दिसेल. म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटी स्क्रिप्टने दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर ‘मी चालले’ अशी खूण ठेवावी, आणि त्या मशीनने १५ मिनिटांत खूण आली नाही तर ओरडावं. दुसरं मशीन वेगळ्या नेटवर्कवर असेल तर उत्तम.

सर्व्हरची संख्या शंभरांत गेली, किंवा नागिऑस, झॅबिक्स, प्रोमिथियससारखं काही तुमच्याकडे आधीच असेल, तर स्थिती सांभाळणं आणि अलर्ट पाठवणं त्यांच्यावर सोपवा आणि आपली लॉगिनची तपासणी त्यांना जोडा. नागिऑसचं ‘चेक बाय एसएसएच’ खरोखर लॉगिन करून कमांड चालवतं, ‘चेक एसएसएच’ तसं करत नाही. नावं सारखी असल्याने नेहमी गल्लत होते. ४० सर्व्हरसाठी मात्र नीट लिहिलेली शेल स्क्रिप्ट पुरते, आणि ती वाचून समजते हा तिचा मोठा फायदा आहे.

लिहून झाल्यावर ती बिघडवून बघा, चाचणीसाठी ठेवलेल्या मशीनवर. फायरवॉलला त्या पोर्टवरची पॅकेट गिळायला लावा, मग एसएसएचडी बंद करा, मग तपासणीची की काढून टाका, मग खात्याची मुदत संपवा, मग होस्ट की बदला. प्रत्येक वेळी मेलमध्ये बरोबर पायरीचं नाव येतं का ते बघायचं. तुमच्या त्या रात्रीची नक्कलही करता येते. पोर्टवर ऐकणाऱ्या मुख्य एसएसएचडी प्रोसेसला स्टॉप सिग्नल पाठवा. प्रोसेस गोठते, पण कर्नल जोडण्या घेतच राहतं. पिंग ठीक, पोर्ट उघडं, बॅनर नाही. आधीपासून उघडी असलेली सेशनं वेगळ्या प्रोसेसमध्ये असल्यामुळे चालू राहतात, तेव्हा एक सेशन उघडं ठेवूनच हे करा आणि नंतर त्यातूनच कंटिन्यू सिग्नल द्या. एखाद्या चाचणीत भलत्याच पायरीचं नाव आलं, तर एररमधली ओळ आणि तुमची कॉन्फिग फाइल, सर्व्हरची नावं आणि पत्ते वगळून, इथे टाका. मग पुढचं पाहू.